बाहेर गेलेल्याची वडी

१

पहिला घास तोंडात गेला आणि मला कळलं, आत चुलीपाशी बसणारं माणूस बदललंय.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. रश्श्यावर लाल तर्री होती, भाकरी तव्यावरून नुकती उतरलेली होती आणि सहदेव नेहमीसारखा दाराजवळच्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम घालत होता. पण पातोडी दाताखाली चिवट लागली आणि बेसनाचा कच्चेपणा जिभेवर राहिला. शेजारी बसलेल्या, पलटणीतून परतलेल्या हवालदार माणिकरावांनीही हातातली भाकरी ताटात ठेवली. माझीच पंचाईत जास्त होती, कारण चार दिवसांपूर्वी मी याच पातोडीला अख्ख्या खामगावात पहिला नंबर दिला होता, आणि तोही छापून.

मी मार्तंड गुरुजी. हायस्कुलात मराठी शिकवायचो, आणि एकोणीसशे पासष्ट सालच्या त्या हिवाळ्यात गावच्या साप्ताहिकात खाण्यापिण्यावर एक सदर लिहीत होतो. कापसाचा हंगाम असला की खामगावात गाड्यांची रीघ लागते, आणि गाड्यांमागून माणसं. ती जेवतात कुठे, तर बाजाराभोवतीच्या खानावळीत. तेव्हा संपादक म्हणाले, गुरुजी, सगळ्यात चांगली पातोडी कुठे मिळते ते एकदा ठरवूनच टाका. दीड महिन्यात मी आणि माणिकरावांनी अकरा खानावळी पालथ्या घातल्या. बायकोने घरी पातोडी करणं सोडून दिलं. म्हणाली, परीक्षकाला वाढायची माझी हिंमत नाही.

माणिकरावांना बरोबर घेण्याचं कारण त्यांची जीभ. ते लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले. तिथं एका शेतकरणीने त्यांना लझान्या नावाचा पदार्थ खाऊ घातला होता. पिठाचे रुंद पापुद्रे, मध्ये रस्सा, पुन्हा पापुद्रे, असे थरावर थर. “आपल्या पातोडीची मावसबहीनच हाये ते,” असं ते सांगायचे. “अन् तठीही गल्लोगल्ली हाच झगडा, का अस्सल कोनाच्या घरची.”

माझ्याबद्दल लोक हजार गोष्टी बोलत. एक गोष्ट मात्र वैरीही कबूल करायचे, की मार्तंड गुरुजी खोटं लिहीत नाही. उकंडरावच्या खानावळीतला रस्सा इतका पातळ असतो की वाटीच्या तळावर कोरलेलं नाव वाचता येतं, असं मी एकदा लिहिलं. तेव्हापासून उकंडराव रस्त्यात मला पाहून मान फिरवायचा. या इमानाचा मला फार ताठा होता. तो ताठा कुठे नेऊन सोडणार, हे त्या बुधवारी माहीत नव्हतं.

मी सहदेवला हाक मारली. तो आला, पण बसेना. खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत उभा राहिला.

“तानुमावशी गेली, गुरुजी,” तो म्हणाला. “सोमवारपासून पत्ता नाई तिचा.”

२

ही तानुबाई पाच वर्षांपूर्वी सहदेवच्या ओट्यावर येऊन बसली होती. हातात एक बोचकं. भाकरी येतात का, असं सहदेवने विचारलं, ती हो म्हणाली, आणि आत गेली ती गेलीच. पुढच्या बाजूला कधी आली नाही. गिऱ्हाइकांनी तिला पाहिलेलंच नव्हतं. आवाज एखाद्या वेळी ऐकू यायचा तेवढाच.

“गाव कोणतं तिचं?” मी विचारलं.

“मी इचारलं नाई.”

“पाच वर्षांत?”

“तिच्या हातची भाकर खाल्ली अन् मंग इचाराची मले भीतीच वाटे. इचारलं अन् उठून गेली तं?” सहदेवने पंचा पुन्हा तोंडावरून फिरवला. “पोलिसात जाऊ तं काय सांगू? कोन हरपलं म्हनू? तुमीच तिचं नाव केलं, गुरुजी, आता तुमीच शोधा.”

लेखात मी काय लिहिलं होतं ते सांगायला हवं. सगळं बेसन थाळीत थापल्यावर तानुबाई मधोमध एक लहान वाटी दाबून गोल वडी पाडायची, आणि मग तिच्या भोवतीने बाकीच्या चौकोनी तिरप्या वड्या कापायची. ती गोल वडी कोणाच्याच ताटात येत नसे. एकदा दार उघडं असताना मला ती दिसली आणि मी हट्टाने मागितली. आतून आवाज आला, “ते बाहेर गेलेल्याचं हाय. घरात नसलेल्याचा वाटा. तो कोणाला देत नाईत.” संध्याकाळपर्यंत तो वाटा झाकून ठेवायचा आणि मग गाईला घालायचा, असा तिचा नेम होता. मला ते इतकं आवडलं की मी शब्दाला शब्द लिहून काढलं. त्या एका वाक्यासाठी पहिला नंबर दिला म्हटलं तरी चालेल.

सहदेवने ते कात्रण खळीने भिंतीवर चिकटवलं होतं, दत्ताच्या तसबिरीखाली. आता तिथे खळीचे पापुद्रे आणि कागदाचा एक कोपरा तेवढा शिल्लक होता.

“हे कोणी फाडलं?”

“उकंडरावशिवाय कोन फाडीन? मावशीले फोडून त्यानंच नेलं. त्याले तुमचा पयला नंबर पाहवला नाई.”

मग तो आत गेला आणि कपाटातून एक थाळी घेऊन आला. वर फडकं होतं. सोमवारी सकाळी तानुबाईने थापलेलं हे शेवटचं बेसन. त्याला ते गिऱ्हाइकाला वाढवलं नव्हतं. त्याची धाकटी बहीण कोकिळा, जी वाटण वाटायची आणि आता सगळा स्वयंपाक जिच्या अंगावर पडला होता, ती दारात येऊन उभी राहिली. सहदेवने फडकं काढलं. वड्या वाळून कडेने वर आल्या होत्या, पण कापलेल्या रेघा साफ दिसत होत्या.

मी थाळी उजेडात धरली. रेघा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेल्या होत्या, अगदी मधूनसुद्धा. त्या थाळीत गोल वडी पाडलेलीच नव्हती.

३

आधी उकंडरावकडे गेलो. नको असलेलं काम लवकर उरकावं.

त्याने मला पाहिलं आणि नोकराला ओरडून म्हणाला, “अरे, मास्तर आले, वाटीतलं नाव पुसून आन.” मी ऐकून घेतलं. मागितल्यावर पातोडी आली. ताटात मधोमध एक गोल वडी, रुपयाएवढी, वर खोबऱ्याचा कीस.

“हे काय, उकंडराव?”

“बाहेर गेलेल्याची वडी,” तो म्हणाला. त्याला जरा लाज वाटली असावी. “लोकं मांगून राह्यले ना. तुमचं वाचलं अन् जो तो येते, गोल वडी हाये का म्हनते. एकट्या माझ्याकडं नाई, सगळ्या खानावळीत सुरू झाली. मी तं आपली ताटात वाढून देतो. बाहेर गेलेला काही खायाले येत नाई.”

हसू आलं आणि वाईटही वाटलं. एका बाईने जपलेला नेम चार दिवसांत अकरा खानावळींचा माल झाला होता, आणि केला मी होता.

“तानुबाई कुठे आहे?”

“मले काऊन इचारता?” तो एकदम खाली बसला. “पाहा गुरुजी, खोटं नाई सांगत. रविवारी मी भांडेवालीच्या हाती निरोप धाडला, का आमच्याकडं ये. तिनं सांगून धाडलं, मले हा उंबरा सोडाचा नाई. रविवारी सांजच्याले असं म्हनली अन् सोमवारी नाई. मीही इचारच करून राह्यलो.”

उकंडराव लबाड आहे, पण त्याची लबाडी पाणी घालण्यापुरतीच आहे. मला त्याचं खरं वाटलं. म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत तिला कुठेही जायचं नव्हतं. जे घडलं ते त्यानंतर, आणि सोमवारी बेसन थापून होण्याच्या आत.

मी उठलो तेव्हा उकंडराव मागून म्हणाला, “अजून कोनी हाये तिच्या शोधात. काल एक मानूस आल्ता. पांढरा फेटा, खाली बघून बोलनारा. बोलीवरून साखरखेर्ड्याकडचा वाटला. अगोदर सहदेवकडं जाऊन आल्ता म्हने. हातात तुमचं कात्रन होतं.”

“काय विचारत होता?”

“लिहिनाऱ्याचा पत्ता. मी दिला.”

४

दुपारी चारच्या सुमाराला खानावळ रिकामी असते. सहदेव सरकी आणायला गेला होता. कोकिळा मागच्या पडवीत पाट्यावर खोबरं वाटत बसली होती. मी समोरच्या पायरीवर बसलो.

“कोकिळाबाई, काल पांढऱ्या फेट्याचा माणूस आला होता. त्याला काय सांगितलं?”

“सहदेवदादा बाहेर गेल्ता. म्या सांगतलं, स्वयंपाक मीच करतो. पयलेपासून मीच करतो. गेला तो.”

“खोटं का सांगितलं?”

तिने वरवंटा थांबवला नाही. “मले तो मानूस आवडला नाई.”

“आणि भिंतीवरचं कात्रण?”

“मले काय मालूम. सोमवारी तं मी पिंपळगाव राजाले गेल्ती, आत्याकडं.”

“तानुबाईला लेखात काय आहे ते माहीत होतं?”

“तिले वाचता येत नव्हतं. कोनी वाचून दाखवलं नाई.”

शाळेत तीस वर्षं काढली की खोटं बोलणारं मूल पाठमोरं असलं तरी ओळखू येतं. मी तिला रागावलो नाही. मनात जे जुळलं होतं ते हळूहळू सांगत गेलो.

“पाच वर्षं तिने रोज गोल वडी पाडली. रविवारीही पाडली होती, कारण रविवारी मी इथे जेवलो आणि सहदेवने ती लोकांना कौतुकाने दाखवली. सोमवारी पाडली नाही. तिला कोणी ओढून नेलं असतं, तर थाळी अर्धी राहिली असती, किंवा वडी नेहमीसारखी असती. दुसऱ्या खानावळीत चालली असती तरी वडी पाडलीच असती. हात सवयीने चालतो. ती टाळायची म्हणजे ठरवून टाळायला हवी. त्या वडीने आपण ओळखू येऊ, हे तिला सुरी हातात घेताना कळलेलं होतं. आणि ती वडी जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती. म्हणजे सोमवारी सकाळी तिला माझा लेख कोणीतरी वाचून दाखवला. सहदेव अंगठाबहाद्दर. भांडेवालीही तशीच. या घरात चौथी शिकलेलं माणूस एकच आहे.”

वरवंटा थांबला. कोकिळाने पदर तोंडाला लावला.

“मले वाटलं खुश होईन ते,” ती म्हणाली. “पेपरात आलं म्हून धावत गेलो मी, मावशी ऐक, तुयाबद्दल काय लिहिलं ते ऐक. बेसन थाळीत निवत होतं. ती हासून ऐकत होती. वडीचं आलं अन् हासनं गेलं तिचं. म्हने, पुन्हा वाच. म्या पुन्हा वाचलं. म्हने, हे किती लोकं वाचतात? म्या म्हनलं, साऱ्या जिल्ह्यात जाते.”

मग तिने सगळं सांगितलं. तानुबाईचं खरं नाव रुखमाबाई. नवरा वारल्यावर दीर घरचा कर्ता झाला. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी त्याला हवं होतं, आणि त्या शेतकऱ्याला दुसरेपणाची बायको. दिराने शब्द दिला पुतणीचा, बारा वर्षांच्या. रुखमाबाई त्याच आठवड्यात पोरीला घेऊन निघाली. पोरीला शिकायला एका ठिकाणी ठेवलं आणि स्वतः चुलीआड लपली. गोल वडी सासरचा रिवाज होता, त्या एकाच घराचा. ती रोज पोरीच्या नावाने काढायची.

“पन तुमचं एक चुकलं, गुरुजी,” कोकिळा म्हणाली. “लपवासाठी नाई टाळली तिनं. मीच म्हनलं, मावशी वडी पाडली नाई. तं म्हने, आता कोन बाहेर हाये? मीच तिच्याकडं चालली. अन् हात धुतले. ते गेल्यावर म्या कात्रन फाडलं.”

“पोरगी कुठे असते?”

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“तुमाले सांगून काय करू? तुमी छापान.”

५

मी रात्रभर तेच ऐकत पडलो. माझ्या हातून चूक झाली होती, अशी चूक की ज्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी तिची जात लिहिली नव्हती, गाव लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, आपण पातोडीबद्दल लिहितोय.

गुरुवारी सकाळी शाळेला निघणार तोच दारात पांढरा फेटा दिसला. बायकोने पाणी दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

“मी शेषराव,” तो म्हणाला. “साखरखेर्ड्याच्या अलीकडं आमचं गाव हाय. हे तुमी लिहिलं का?”

कात्रण त्याने नीट चार घड्या करून खिशात ठेवलं होतं. माझीच अक्षरं माझ्यासमोर उलगडली गेली.

“हो.”

“ही वडी आमच्या घरात करतात. दुसऱ्या कोणाच्या घरात न्हाई. अन् हे वाक्य माझ्या आईचं हाय, जसंच्या तसं. माझी भावजय अन् पुतणी पाच सालापासून घरात न्हाईत. म्हणून इचारतो, हे बोलली ती बाई कोण?”

त्याचा आवाज खालचा होता. मला राक्षस अपेक्षित होता. समोर बसला होता तो थकलेला, लाजणारा माणूस.

“सापडल्या तर काय कराल?” मी विचारलं.

“घरी नेईन. आई मरेपर्यंत दोघींची वडी काढीत होती. दोन वाट्या दाबायची थाळीत. मागच्या साली गेली.” त्याने डोळे पुसले. “अन् माझा शब्द गेलेला हाय. ज्याला पोरगी द्यायची त्यानं अजून दुसरी केली न्हाई. पाच साल त्याच्या विहिरीचं पाणी घेतोय मी. तोंड वर करता येत न्हाई गावात.”

पहिल्या वाक्याला मला त्याची दया आली. दुसऱ्याला अंगावर काटा आला. आणि दोन्ही तो एकाच आवाजात बोलला होता.

मी कोट चढवला. “चला माझ्याबरोबर,” म्हटलं.

त्याला उकंडरावकडे नेलं. पातोडी मागवली. ताटात गोल वडी आली. शेषरावने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

“उकंडराव,” मी म्हणालो, “या पाहुण्यांना सांगा, ही गोल वडी तुमच्याकडे कधीपासून करतात?”

उकंडराव मला कशालाही नाही म्हणाला असता. पण प्रश्न त्याच्या घराण्याच्या अब्रूचा होता, आणि चार दिवसांपूर्वीची नक्कल आहे हे पाहुण्यापुढे कोण कबूल करेल? त्याने छाती पुढे काढली.

“आमच्या आजीपासून,” तो म्हणाला. “खामगावचा जुना रिवाज हाये हा. कोनत्याही खानावळीत जा.”

शेषराव आणखी दोन खानावळीत गेला. मी बरोबर होतो. दोन्हीकडे गोल वडी होती. तिसऱ्या दारातून बाहेर पडल्यावर तो थांबला.

“वडीचं समजलं. पण वाक्य? ते आईचं हाय.”

“ते माझ्या पदरचं,” मी म्हणालो. “आत असं बोलणारी कोणी बाई नव्हती. आम्ही मास्तर लोक. बरं दिसेल असं एखादं वाक्य घालतो मध्ये.”

उभ्या आयुष्यात इतकं खोटं मी एका दमात बोललो नव्हतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. विश्वास ठेवावासा वाटत होता त्याला, आणि वाटतही नव्हता.

“मग तसं छापा,” तो म्हणाला. “छापलेलं मी मानीन. न्हाईतर मी पुन्हा येईन, अन् या गावातलं एकेक स्वयंपाकघर बघीन.”

६

शनिवारी पहिल्याच पानावर खुलासा आला. मीच लिहिला होता. ‘मागील अंकातील पातोडीविषयीच्या लेखात स्वयंपाकीणबाईंच्या तोंडी घातलेले वाक्य प्रस्तुत लेखकाच्या कल्पनेतील आहे. तशी कोणी बाई अस्तित्वात नाही. वाचकांची क्षमा असावी.’ संपादकांनी तीनदा विचारलं, गुरुजी, खरंच का? मी हो म्हणालो. त्यांनी खुलासा छापला आणि सदर बंद केलं. त्यांचं काही चुकलं नाही.

शेषराव परत आला नाही.

माझ्या वर्गात पोरं फळ्यावर गोल काढून ठेवू लागली. उकंडराव रस्त्यात थांबवून म्हणाला, “मास्तर, रश्श्यात पानी मी घालतो, पन बातमीत नाई.” सहदेव सगळ्यात जास्त दुखावला. माझ्या अन्नाले खोटं म्हनलं, असं तो बाजारभर सांगत फिरला. त्याला खरं सांगायची सोय नव्हती. सहदेवच्या पोटात भाकरी राहते, गोष्ट राहत नाही. त्याने मला परत त्या दारात घेतलं नाही.

एकटे माणिकराव घरी आले. खाटेवर बसले, पान लावलं. “गुरुजी,” म्हणाले, “त्या दोन लेखातला एक खोटा हाये, एवढं मले समजते. कोनता, ते मी इचारत नाई.” त्या दिवशी मला रडू आलं. त्यांनी पाहिलं, आणि सुपारी कातरत राहिले.

मार्चच्या सुरुवातीला कोकिळा शाळेत आली. मधली सुट्टी होती. बाजूला निंबाखाली उभी राहून म्हणाली, “आता सांगाले हरकत नाई. तठी कोनीच नाई आता.”

पोरीचं नाव अन्नपूर्णा. बुलडाण्याला नॉर्मल स्कुलात मास्तरीण व्हायला शिकत होती, वसतिगृहात राहून. दुसरं वर्ष. त्या मंगळवारी सकाळी आई येऊन तिला घेऊन गेली. ट्रंक आणि पुस्तकं तिथेच राहिली. कुठे गेल्या, कोणाला सांगितलं नाही. कोकिळाने पाठवलेलं पत्र परत आलं होतं.

“परीक्षेले दोन महिने राह्यले होते, गुरुजी,” ती म्हणाली.

खुलासा छापून मी त्यांच्यावरचं संकट टाळलं, असं मला तोवर वाटत होतं. आणि टाळलंही होतं. शेषराव परत गेला होता, आता त्या दोघी खुशाल परत येऊ शकल्या असत्या. पण ते त्यांना सांगणार कोण, आणि कुठे? ज्या पेपरापायी त्यांच्या जिवावर बेतलं तो त्या परत कशाला उघडतील?

पुढच्या रविवारी मी बुलडाण्याला गेलो. तिथल्या मुख्याध्यापिका पद्मजाबाई माझ्या ओळखीच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या ऐकत होत्या आणि हजेरीपट चाळत होत्या. पोरगी वर्गात पहिली होती. पाठ घ्यायला उभी राहिली की मागच्या बाकापर्यंत आवाज जायचा, त्या म्हणाल्या. चुलीआड लपलेल्या आईसारखी नव्हती मग, मला वाटलं.

“दाखला न्यायला तरी आली असती,” त्या म्हणाल्या. “दाखल्याशिवाय तिला कुठलीही शाळा घेणार नाही. पुन्हा पहिलीपासून बसायची का ती, सतराव्या वर्षी?”

मी म्हणालो, दाखला मला द्या, कोकिळाकडून कधीतरी पोचेल. नियमात बसत नव्हतं. तरी त्यांनी छापील कागद घेतला आणि टाकाने एकेक रकाना भरला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, वर्तणूक उत्तम. एका रकान्यापाशी त्या थांबल्या.

“शाळा सोडण्याचे कारण,” त्यांनी वाचलं. “हे मला माहीत नाही असं समजा. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही लिहा.”

तो दाखला माझ्याकडेच राहिला. कोकिळाला त्यांचं कधी पत्र आलं नाही. मी निवृत्त झालो, माणिकराव गेले, सहदेवच्या मुलाने खानावळीचं हॉटेल केलं. मी त्या दोघींना शोधलं नाही. शोधलं तर सापडतील अशी भीती वाटते, आणि मी शोधून काढलेलं त्यांना एकदा पुरेसं झालेलं आहे.

जून महिन्यात शाळा उघडल्या की मी तो कागद काढतो. घड्यांवर विरत चालला आहे. दौत उघडतो, टाक बुडवतो, आणि त्या रकान्यापाशी बसून राहतो. शाळा सोडण्याचं कारण तानुबाईच्या एका वाक्यात मावणारं आहे. ते वाक्य मी एकदा छापलं, एकदा खोटं म्हणून मागे घेतलं. तिसऱ्यांदा लिहायला हात होत नाही.

रकाना अजून कोरा आहे.